महाविद्यालयीन आकाशदर्शनासाठी दुर्बिणीच्या आकाराची निवड : वहनीयतेच्या दृष्टीने एक विवेचन

बीजशब्द : दुर्बीण, वस्तु-आरशाचा व्यास, वहनीयता, डॉब्सनीय मांडणी, प्रकाशप्रदूषण, आकाशदर्शन

प्रस्तावना

विज्ञान शाखा असलेल्या महाविद्यालयात खगोल मंडळ स्थापन होते, थोडाफार निधी उपलब्ध होतो आणि दुर्बीण खरेदीचा विषय चर्चेला येतो. अशा वेळी सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘किती मोठी दुर्बीण घ्यावी?’ हा होय. मंजूर रकमेत बसेल तेवढी मोठी घ्यावी, हे त्याचे सर्वसाधारण उत्तर असते. वरवर पाहता हे उत्तर बिनतोड वाटते; कारण दुर्बिणीचा व्यास जितका मोठा तितका प्रकाश अधिक व तपशील सूक्ष्म, असे भौतिकशास्त्राचे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते.

तथापि पाठ्यपुस्तकातील दुर्बीण कोणालाही उचलावी लागत नाही. महाविद्यालयातील दुर्बीण मात्र प्रयोगशाळेतील कपाटातून काढून गच्चीवर किंवा मैदानावर न्यावी लागते, तेथे मांडावी लागते आणि मध्यरात्रीनंतर, सर्व जण दमलेले असताना, पुन्हा जागेवर ठेवावी लागते. हे काम अवघड असेल तर पहिल्या वर्षी उत्साहाने चार वेळा, दुसऱ्या वर्षी एकदा आणि तिसऱ्या वर्षी बहुधा केले जातच नाही. दुर्बीण जडसंग्रह नोंदवहीत असते, पाहणी समितीच्या भेटीच्या दिवशी ती टेबलावर मांडलीही जाते; परंतु तीन वर्षे महाविद्यालयात काढून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्यातून शनीची कडी एकदाही पाहिलेली नसतात. म्हणूनच महाविद्यालयासाठी दुर्बीण निवडताना व्यासाचा विचार वजन, लांबी व वाहतूक यांच्याशी जोडूनच करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात हाच विचार मांडला आहे.

व्यास, प्रकाश आणि वजन

अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मि.मी. रुंद होते. दुर्बिणीची प्रकाश गोळा करण्याची क्षमता व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे १०० मि.मी. व्यासाची दुर्बीण डोळ्याच्या सुमारे २०० पट, १५० मि.मी.ची सुमारे ४६० पट, तर २०० मि.मी.ची सुमारे ८१५ पट प्रकाश गोळा करते. हे आकडे प्रभावी आहेत. परंतु डोळ्याची संवेदना प्रकाशाच्या पटीत नव्हे तर प्रतीच्या मापाने वाढते. त्या मापाने पाहता १५० मि.मी.वरून २०० मि.मी.वर गेल्यास सुमारे ०.६ प्रतीचा आणि २०० वरून ३०० मि.मी.वर गेल्यास सुमारे ०.९ प्रतीचा लाभ होतो. लाभ खरा आहे, पण पटींचे आकडे सुचवतात तेवढा डोळे दिपवणारा नाही.

विभेदनाच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. डॉझच्या प्रचलित नियमानुसार ११६ या संख्येला मिलिमीटरमधील व्यासाने भागले असता दुर्बिणीची विभेदनमर्यादा विकलांमध्ये मिळते. १५० मि.मी.साठी ती ०.७७ विकला, २०० मि.मी.साठी ०.५८ विकला, तर ३०० मि.मी.साठी ०.३९ विकला येते. मात्र सामान्य ठिकाणी, विशेषतः दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवर, वातावरणाची थरथर बहुतेक रात्री १ विकलेच्या आत येत नाही. परिणामी मोठ्या आरशाची विभेदनक्षमता असूनही वापरता येत नाही. अपवादात्मक शांत रात्री ती उपयोगी पडते हे मान्य केले, तरी त्या रात्री दुर्बीण बाहेर काढलेली असणे ही पूर्वअट राहतेच.

दुसऱ्या बाजूला वजन कोणत्या गतीने वाढते हे पाहणे उद्बोधक आहे. पारंपरिक पद्धतीच्या आरशाची जाडी व्यासाच्या सुमारे एक षष्ठांश ठेवतात. काचेची घनता २.५ धरल्यास १५० मि.मी. व्यासाच्या व २५ मि.मी. जाडीच्या आरशाचे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम भरते. २०० मि.मी.च्या आरशाचे वजन सुमारे २.६ किलोग्रॅम, तर ३०० मि.मी.च्या आरशाचे सुमारे ८.८ किलोग्रॅम होते. म्हणजे व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट होतो, परंतु काचेचे वजन आठपट होते. हा आरसा तोलून धरणारी पेटी, तो बसवलेली नळी आणि त्या नळीला थरथर न होऊ देता पेलणारा पाया यांचे वजनही त्याच दिशेने वाढते. वर्ग आणि घन यांच्यातील ही शर्यत घन जिंकतो, आणि महाविद्यालयाच्या जिन्यावर ती सर्वांत स्पष्टपणे जाणवते.

अंधाराचे मोल

वजनाचा प्रश्न केवळ पाठीच्या सोयीचा असता तर त्यावर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. चार विद्यार्थी अधिक लावून मोठी दुर्बीण गच्चीवर नेता आली असती. खरा प्रश्न गच्चीवरील आकाशाचा आहे.

मोठ्या शहरातील आकाशाची पार्श्वभूमी अंधाऱ्या ग्रामीण आकाशाच्या तुलनेत वीस-पंचवीस पट तेजस्वी असू शकते. २००१ मध्ये जॉन बॉर्टल यांनी आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची श्रेणी मांडली. आज शहरांतील बहुतेक महाविद्यालये तिच्या वरच्या, म्हणजे उजळ, पायऱ्यांवर येतात. अशा आकाशाखाली मोठा व्यास किती उपयोगी पडतो? चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांच्या बाबतीत प्रकाशप्रदूषणाचा फारसा अडसर होत नाही. दीर्घिका, तेजोमेघ यांसारख्या पसरट वस्तूंच्या बाबतीत मात्र चित्र पालटते. मोठा आरसा दीर्घिकेचा प्रकाश ज्या प्रमाणात अधिक गोळा करतो, त्याच प्रमाणात तो उजळ आकाशाचाही प्रकाश गोळा करतो. वस्तू व पार्श्वभूमी यांतील तफावत त्यामुळे वाढत नाही. प्रतिमा अधिक मोठी करून पाहता येते एवढा लाभ उरतो; पण आकाशाच्या तेजात बुडालेली दीर्घिका व्यासाच्या बळावर वर काढता येत नाही.

याउलट तीच दुर्बीण गावाबाहेर चाळीस-पन्नास किलोमीटर नेली तर काय होते हे एका साध्या गणिताने लक्षात येईल. शहरात नुसत्या डोळ्यांना चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात व अंधाऱ्या जागी सहाव्या प्रतीपर्यंतचे दिसतात असे समजू. दोन प्रतींचा हा लाभ शहरात बसून व्यास वाढवून मिळवायचा झाल्यास व्यास अडीचपट करावा लागेल, म्हणजे १५० मि.मी.च्या जागी सुमारे ३७५ मि.मी.ची दुर्बीण घ्यावी लागेल. ताऱ्यांच्या बाबतीत हे गणित थोडे ताणलेले आहे, कारण अधिक विवर्धन वापरले की दुर्बिणीतील पार्श्वभूमी काळी होत जाते आणि शहरातही काही लाभ पदरात पडतो. पसरट वस्तूंच्या बाबतीत मात्र ते उलट बाजूने अपुरे आहे. तेथे कोणताही व्यास अंधाराची भरपाई करू शकत नाही.

महाराष्ट्राच्या अक्षांशावरून याचे एक सुंदर उदाहरण देता येते. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा आकाशातील सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ पुण्याहून दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त सुमारे २४ अंश उंचीवर येतो. एप्रिलच्या मध्यास तो मध्यरात्रीच्या सुमारास आणि मेच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास या स्थितीत असतो. उत्तरेकडील देशांतील निरीक्षकांना जो क्षितिजाखालीच राहतो, तो गुच्छ येथे सहज दिसावयास हवा. परंतु ज्या महाविद्यालयाच्या दक्षिणेस बाजारपेठ किंवा महामार्ग आहे, तेथे क्षितिजालगतच्या उजेडात तो हरवतो. दक्षिणेस काळोख असलेल्या माळावर १५० मि.मी.च्या दुर्बिणीतून त्याच्या कडेचे तारे सुटे दिसू लागतात, तेव्हा विद्यार्थ्यांना ‘गुच्छ’ या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इतिहासातील काही दाखले

विल्यम हर्शेल यांनी १३ मार्च १७८१ रोजी युरेनसचा शोध लावला, तो बाथ येथील आपल्या घराच्या बागेतून. त्या वेळी वापरलेल्या सात फुटी दुर्बिणीच्या आरशाचा व्यास ६.२ इंच, म्हणजे सुमारे १५७ मि.मी. होता. पुढे १७८९ मध्ये त्यांनी ४८ इंची आरशाची चाळीस फुटी दुर्बीण उभारली. ती त्या काळातील जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. परंतु तिची हाताळणी इतकी अवजड ठरली की हर्शेल यांचे बहुतांश निरीक्षणकार्य सुमारे १९ इंची आरशाच्या वीस फुटी दुर्बिणीवरच झाले. हर्शेल यांच्यासारख्या अथक निरीक्षकाच्या बाबतीत जे घडले, ते तासिका, परीक्षा व उत्तरपत्रिका यांतून वेळ काढणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत घडणार नाही असे मानण्यास आधार नाही.

महाराष्ट्रातील दाखला तर महाविद्यालयाशीच निगडित आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या प्रयत्नांतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथील ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण तत्कालीन भारतातील सर्वांत मोठी होती. नायगमवाला निवृत्त झाल्यानंतर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली व तिची उपकरणे कोडईकनालला गेली. एका व्यक्तीच्या ध्यासावर उभे राहिलेले मोठे स्थिर साधन त्या व्यक्तीनंतर महाविद्यालयात टिकले नाही. याच नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उपकरणे नेऊन वर्णपटाची निरीक्षणे केली होती. खग्रासाचा पट्टा वेधशाळेकडे येणार नव्हता. वेधशाळेलाच तिकडे जावे लागणार होते.

वहनीयतेचा विचार रचनेच्या केंद्रस्थानी आणणारी व्यक्ती मात्र जॉन डॉब्सन ही होय. बीजिंगमध्ये १९१५ साली जन्मलेले डॉब्सन १९४४ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यस्त जीवन जगत होते. मठात राहूनच त्यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे तयार केले, पुठ्ठ्याच्या नळ्या व प्लायवूडचे खोके वापरून दुर्बिणी बनवल्या आणि त्या चाकांवर घालून शेजारच्या वस्तीत नेल्या. आकाश दाखवण्याच्या या व्यापामुळे अखेर १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. १९६८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पदपथावर दुर्बिणी मांडणाऱ्या खगोलप्रेमींची संस्था सुरू केली. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. आज ‘डॉब्सनीय’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी म्हणजे वस्तुतः दोनच भाग : एक नळी आणि ती ज्यात डोलते व फिरते तो लाकडी तळखोका.

सुटे भाग, जिना आणि वाहन

वहनीयता ठरवताना दुर्बिणीच्या एकूण वजनापेक्षा तिच्या सर्वांत जड सुट्या भागाचे वजन अधिक महत्त्वाचे असते. २०० मि.मी.च्या डॉब्सनीय दुर्बिणीचे एकूण वजन साधारणतः २० किलोग्रॅमच्या आसपास असते. पण ते नळी व तळखोका यांत जवळपास समान विभागलेले असते. दहा-अकरा किलोग्रॅमचा एक भाग एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी जिन्यावरून धक्का न लागू देता नेऊ शकते. २५० मि.मी.ची नळी पंधरा किलोग्रॅमच्या घरात जाते व तिला कवेत घेणे अवघड होते. ३०० मि.मी.ची दुर्बीण जिन्यावरून नेण्यास दोन माणसे लागतात, आणि जिन्याच्या वळणावर तीही एकमेकांवर ओरडू लागतात.

लांबीचा विचार केला असता एक रंजक बाब आढळते. बाजारात मिळणाऱ्या डॉब्सनीय दुर्बिणींत १५० मि.मी. व्यासास ८, २०० मि.मी.स ६ आणि २५० मि.मी.स ५ च्या जवळपास नाभीय गुणोत्तर ठेवण्याची रूढी आहे. परिणामी तिन्हींचे नाभीय अंतर, आणि म्हणून नळीची लांबीही, सुमारे १.२ मीटरच राहते. ही लांबी बहुतेक मोटारींच्या मागील आसनावर आडवी मावते. अगदी लहान मोटारीत मात्र मोजून पाहावे. एस.टी.च्या फळीवर किंवा आसनाखाली ती बसत नाही. ज्या महाविद्यालयास स्वतःचे वाहन नाही आणि जेथे आकाशदर्शनाला जाणे म्हणजे एस.टी. किंवा लोकल रेल्वेने जाणे होय, तेथे २०० मि.मी.चा आग्रह सोडून ११४ ते १३० मि.मी.ची आखूड नळीची परावर्ती दुर्बीण किंवा ९० मि.मी.ची मक्सुतोव दुर्बीण घेणे शहाणपणाचे ठरेल. मक्सुतोव नळीची लांबी जेमतेम एक फूट असते आणि ती पाठपिशवीत जाते. तिच्यातून दीर्घिका फिकट दिसतील. पण चंद्राची विवरे, गुरूचे चार उपग्रह व शनीची कडी दिसतील.

विषुववृत्तीय मांडणीच्या मोहाविषयी येथे स्पष्टपणे लिहिणे योग्य ठरेल. ताऱ्यामागे दुर्बीण आपोआप फिरते, छायाचित्रण करता येते, अभ्यासक्रमातील विषुवांश व क्रांती या संकल्पना प्रत्यक्ष दाखवता येतात, हे तिचे गुण निर्विवाद आहेत. परंतु २०० मि.मी.ची नळी पेलणारी अशी मांडणी घेतली की तिपाई, शीर्ष आणि प्रतिभाराची लोखंडी वजने मिळून दुर्बिणीपेक्षा मांडणीच जड होते. त्यात विजेरी, तारा आणि ध्रुवाशी जुळणी यांची भर पडते. ज्या महाविद्यालयात या कामासाठी प्रशिक्षित साहाय्यक आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी. इतरत्र दर तीन वर्षांनी विद्यार्थ्यांची संपूर्ण पिढी बदलते, अध्यापकांची बदली होते, आणि जुळणीची रीत ठाऊक असणारे कोणीच उरत नाही. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला पंधरा मिनिटांत शिकता येईल एवढेच साधन अशा ठिकाणी टिकते.

वाहतुकीत दुर्बिणीला खरा धोका असतो तो आपटण्यापेक्षा सततच्या हादऱ्यांचा. कच्च्या रस्त्यावर आरशाचे स्क्रू सैल होतात व आरशांची परस्पर जुळणी बिघडते. नळी घडी घातलेल्या दोन गोधड्यांवर आडवी ठेवून तिचा आरशाकडील भाग बसणाऱ्यांच्या बाजूला ठेवल्यास हादरे बरेच कमी होतात. मुक्कामी पोहोचल्यावर ध्रुवतारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणून नेत्रिका किंचित आतबाहेर करावी. ताऱ्याच्या पसरलेल्या चकतीतील वलये समकेंद्री दिसली तर जुळणी ठीक आहे असे समजावे. महाराष्ट्रातून ध्रुवतारा कमी उंचीवर असला तरी तो जागचा हलत नाही, हा या कामी मोठा फायदा असतो. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होण्यासही वेळ द्यावा लागतो. १५० मि.मी.च्या आरशास साधारणतः अर्धा-पाऊण तास पुरतो, तर ३०० मि.मी.चा जाड आरसा दोन तासांपर्यंत ताटकळत ठेवू शकतो. रात्री दहाच्या गाडीने परतणाऱ्या विद्यार्थिनींच्या गटासाठी हा फरक निर्णायक असतो.

विशेष शिबिराची संधी

अंधाऱ्या आकाशाखाली दुर्बीण नेण्याची संधी महाविद्यालयांना दरवर्षी मिळते, पण तिच्याकडे सहसा या नजरेने पाहिले जात नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात, दत्तक घेतलेल्या गावात भरते. आकाश निरभ्र असते, रात्री मोठ्या असतात, मृग नक्षत्रातील तेजोमेघ व कृत्तिका डोक्यावर येतात आणि संध्याकाळी देवयानी दीर्घिकाही दिसते. पन्नासेक स्वयंसेवक व गावकरी जागेवर उपलब्ध असतात. शिबिराचे साहित्य नेणाऱ्या टेम्पोत पातेली, सतरंज्या आणि कुदळी-फावड्यांच्या शेजारी २०० मि.मी.ची नळी व तळखोका यांना जागा निघू शकते. त्याहून मोठ्या दुर्बिणीसाठी स्वतंत्र वाहन मागावे लागते, त्यासाठी मंजुरी लागते, आणि कार्यक्रमाधिकाऱ्याचा उत्साह बहुधा त्या अर्जापाशीच संपतो. शिबिराची तारीख ठरवताना अमावास्येच्या आसपासचा आठवडा निवडला तर आकाशदर्शनासाठी वेगळा खर्च जवळपास करावाच लागत नाही.

वरील सर्व बाबी विचारात घेता, वाहन उपलब्ध असलेल्या महाविद्यालयासाठी २०० मि.मी.ची, आणि जिना अरुंद किंवा विद्यार्थिसंख्या कमी असल्यास १५० मि.मी.ची डॉब्सनीय दुर्बीण ही व्यवहार्य मर्यादा मानावयास हरकत नाही. गच्चीवर कायमस्वरूपी सरकते छप्पर व देखभालीची हमी असेल तरच त्यापुढे जावे. शिल्लक रकमेतून एक ७ x ५० ची द्विनेत्री दुर्बीण, दोन चांगल्या नेत्रिका आणि पावसाळ्यात आरशावर बुरशी येऊ नये म्हणून हवाबंद पेटी व सिलिका जेल घ्यावे.

दरपत्रके मागवताना व्यास व विवर्धन यांचीच नोंद करण्याचा प्रघात आहे. विवर्धनाचा आकडा तर निरर्थकच असतो, कारण नेत्रिका बदलून तो हवा तेवढा फुगवता येतो. त्याऐवजी सर्वांत जड सुट्या भागाचे वजन, नळीची बाह्य लांबी व बाह्य व्यास, तळखोक्याची रुंदी आणि एका व्यक्तीस मांडणीसाठी लागणारा वेळ, अशी माहिती पुरवठादाराकडून लेखी मागवावी. खरेदी समितीच्या बैठकीपूर्वी दुर्बीण जेथे राहणार त्या खोलीच्या दाराची, जिन्याच्या वळणाची आणि नेहमी मिळणाऱ्या वाहनाच्या मागील आसनाची मापे फीतपट्टीने घेऊन तो कागद दरपत्रकांसोबत जोडावा. शक्य असल्यास दहा किलोग्रॅम तांदळाची गोणी घेऊन एका विद्यार्थ्यास प्रयोगशाळेपासून गच्चीपर्यंत चढून जाण्यास सांगावे, आणि महिन्यातून दोनदा हे काम करण्याची त्याची तयारी आहे का, हे तेथेच विचारावे.